डावीकडचा पोचा

पळी उजव्या हातात होती, म्हणून मला कळले.

सकाळी कांदा चिरून झाल्यावर सुरी धुताना ती डाव्या अंगठ्याला लागली होती आणि त्यावर मी स्वतःच बांधलेली पट्टी होती. मंगळवार होता. मंगळवारी आमच्याकडे बटाटे-टोमॅटोचा रस्सा असतो आणि त्यात वरून फोडून सोडलेली अंडी. रस्सा ढवळून झाल्यावर, पळीला लागलेले पातेल्यात पडावे म्हणून मी ती काठावर आपटली, आणि ती काठावरच्या पोच्यात नेमकी जाऊन बसली. मी पुन्हा आपटली. पुन्हा तिथेच. गेले पाच आठवडे जो पोचा माझ्या डाव्या हाताला सापडत नव्हता, तो उजव्या हाताला न पाहता सापडला.

मी गॅस बारीक केला, चष्मा पुसला आणि पातेल्याकडे नीट पाहिले. पोचा दांडीच्या उजवीकडे होता.

मी डावखुरी आहे. दांडी उजव्या हातात धरते आणि पळी डाव्या हाताने चालवते. एकोणचाळीस वर्षे मी ती दांडीच्या डाव्या अंगाला आपटत आले, आणि तिथल्या काठावर बोटाच्या पेराएवढा पोचा पडला होता. पोचा भांड्यावर जागा बदलत नाही.

माझ्या पाठीमागे खुर्चीत यजमान वर्तमानपत्र घेऊन बसले होते. हल्ली ते त्या वेळी तिथेच बसत. त्यांनी पान उलटले आणि विचारले, "झालं का गं?"

"पाच मिनिटं," मी म्हटले.

आता थोडे मागचे सांगितले पाहिजे. नाहीतर एका पातेल्यावरून म्हातारीने घर डोक्यावर घेतले असे कोणाला वाटायचे. घर मी डोक्यावर घेतले नाही. तो माझा स्वभाव नव्हे.

मी चौतीस वर्षे इस्पितळात नोकरी केली. त्यांतली शेवटची एकोणीस वर्षे पुरुषांच्या शस्त्रक्रिया विभागाची प्रमुख म्हणून. रुग्ण मला मोठ्या सिस्टर म्हणत आणि नवे डॉक्टर दारात थांबून शर्टाचे वरचे बटण लावत. माझी ड्यूटी सहाला संपे. पावणेसातला मी घरात असे आणि साडेसातला पाने वाढलेली असत. मुलगा आणि मुलगी तेव्हा शाळेत होती, आणि यजमान सातला घड्याळांचे दुकान बंद करून येत. भुकेलेल्या माणसांना चविष्ट बोलणे नको असते, ताट हवे असते. त्यामुळे आठवड्याच्या पाच दिवसांच्या स्वयंपाकाची मी एकदाच घडी बसवली आणि ती कधी मोडली नाही.

सोमवारी मसूर आणि तांदूळ एकत्र, कारण मसुरीइतकी लवकर शिजणारी डाळ दुसरी नाही. मंगळवारी रस्सा. बुधवारी मटार घातलेला भात. गुरुवारी आठवड्याच्या उरलेल्या भाज्या तांदळात. शुक्रवारी तव्यावर ऑम्लेट आणि पाव. शनिवार-रविवारी ज्याला जे करायचे ते त्याने करावे. कांदा सकाळीच चिरून डब्यात, तांदूळ धुऊन निथळत ठेवलेले, बटाट्याच्या फोडी बोटाएवढ्या, त्याहून जाड नाहीत. एका शेगडीवर पातेल्यात कांदा परतत असतानाच दुसऱ्या शेगडीवर किटलीत पाणी उकळायचे. उकळते पाणी ओतले की सात मिनिटे वाचतात. शेवटी दोन्ही शेगड्या बंद करायच्या आणि झाकण न उघडता पाच मिनिटे भात वाफेवर ठेवायचा. त्या पाच मिनिटांत मी नेहमी काहीतरी दुसरे उरकत असे. कचरा खाली नेई, नाहीतर मुलांच्या गणिताच्या वह्या पाही. पाच मिनिटे नुसते उभे राहणे मला कधी जमले नाही.

या सगळ्याला एकच भांडे लागे. जाड बुडाचे, लांब दांडीचे, घट्ट झाकणाचे ते पातेले. मुले मोठी झाली, मुलगी लग्न होऊन दूर गेली, मुलाचे लग्न झाले, सूनबाई दंतवैद्याकडे नोकरीला लागली, मी निवृत्त झाले; पाच दिवसांचा स्वयंपाक मात्र माझ्याकडेच राहिला. कोणी मागितला नाही आणि मी दिला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. वॉर्डात माझा एक नियम होता: चूक झाली की त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने, नोंदवहीत लिहायची आणि खाली सही करायची. एकदा एका नव्या मुलीने सहा नंबरच्या खाटेची गोळी सात नंबरला दिली. गोळी साधी होती, कोणाचे काही बिघडले नाही. पण तिने गोळीचे रिकामे पाकीट गादीखाली दडवले आणि तक्त्यावर खोटी खूण केली. मी तिला वॉर्डातून काढले. चूक तर कोणाकडूनही होते, असे म्हणत ती रडली. चुकीसाठी तुला काढत नाही, असे मी तिला सांगितले. ही हकिकत जेवताना मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे की मुले माझ्या आधी शेवटचे वाक्य म्हणत.

आता त्या गुरुवारकडे येते. मंगळवारच्या पाच आठवडे आधीचा गुरुवार.

भात करून मी पाच मिनिटांच्या वाफेला ठेवला आणि तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे उसवलेली उशी द्यायला गेले. यजमान फिरायला गेले होते, मुलगा-सून यायची होती. जिन्यात एका गृहस्थांनी मला ओळखले. वीस वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डात त्यांच्या पोटाचे ऑपरेशन झाले होते. तिथपासून आजपर्यंतच्या पचनाची हकिकत त्यांनी मला सांगितली, आणि जिन्यात उजेड असता तर टाकेही दाखवले असते. पाऊण तास गेला. मी वर आले तेव्हा सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, पंखा जोरात फिरत होता आणि घरात कसल्यातरी औषधाचा उग्र वास होता. झुरळे झाली होती म्हणून फवारा मारला, असे मुलगा म्हणाला. मला न विचारता मारला म्हणून मी त्याला सुनावले. टेबलावर बाहेरून आणलेले डबे होते.

"हे कशाला? भात तयार आहे. वाफेला ठेवलाय."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही काही चढवलंच नव्हतं, आई. म्हणून मागवलं."

मी मुलाकडे पाहिले. शेगडीवर काहीच नव्हते, असे तोही म्हणाला. मी यजमानांकडे पाहिले. ते माझ्या जरा आधी आले होते आणि वाकून बूट काढत होते. अठ्ठेचाळीस वर्षांत या माणसाने मला कधी वेळसुद्धा एक मिनिट पुढेमागे सांगितली नव्हती.

"नव्हतं गं काही," ते बुटाकडे पाहत म्हणाले.

मी हात धुऊन जेवायला बसले. काय जेवले ते आठवत नाही.

वॉर्डात मी म्हातारी माणसे पुष्कळ पाहिली होती. दुपारी न्याहारी मागणारी, मेलेल्या भावाला हाका मारणारी. हे कसे सुरू होते ते मला ठाऊक होते. असेच सुरू होते. न केलेला भात केला असे वाटते. नुसते वाटत नाही, कांद्याचा वास आठवतो, झाकण लावतानाचा चटका आठवतो. मग एक दिवस घरचा रस्ता आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःची तपासणी सुरू केली. शंभरातून सात वजा करत खाली येई. निवृत्त झाले त्या दिवशी बाराही खाटांवर कोण होते ते क्रमाने म्हणे. सगळे बरोबर येई, आणि त्यानेच अधिक भीती वाटे. एवढे सगळे शाबूत असताना एक पूर्ण भात डोक्यातून तयार झाला कसा?

शुक्रवार तव्याचा, पण फवाऱ्याचे औषध उतरायचे आहे म्हणून सूनबाईने मला रविवारपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नाही; तवा तिनेच चढवला. रविवारी शेगडीमागची भिंत सूनबाईने रंगवून घेतली, म्हणून मी तिचे कौतुक केले. सोमवारी पातेले काढले तर ते जरा निराळेच वाटले. हलके नव्हे, जडही नव्हे, निराळे. पळी आपटली तर आवाज वरच्या पट्टीत आला आणि पळी काठावरून घसरली. पातेले कोणी घासले, असे मी विचारले. यजमान म्हणाले, मी घासले, बसून बसून कंटाळा आला होता. हे आपलेच ना, असे मी पुन्हा विचारले. आता स्वतःचे भांडेही ओळखेनाशी झालीस का, असे ते थट्टेने म्हणाले आणि मुलगा हसला. मीही हसले. त्या रात्री बाराही खाटा मी दोनदा म्हटल्या.

त्या दिवसापासून पळी रोज घसरे. हातही गेला, असे मी स्वतःशी म्हटले.

या पाच आठवड्यांत एकच गोष्ट चांगली झाली होती. ती सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगितली नाही तर पुढचे कळणार नाही. यजमान संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन बसू लागले होते. बाहेरच्या खोलीतली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून आत आणली. तिथला दिवा मिणमिणता, वर्तमानपत्र वाचायला अगदी गैरसोयीचा, तरी ते तिथेच बसत. मी मटार पुढे ठेवले तर सोलून देत. कधी काळी दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या गोष्टी सांगत: कोणाच्या घड्याळात साखर निघाली, कोणी बायकोला नकळत काटे पुढे करून मागितले. मागच्या दहा वर्षांत आम्ही इतके बोललो नव्हतो. मला वाटले, मी घाबरले आहे हे या माणसाने न सांगता ओळखले. म्हातारपणी का होईना, माझ्याशेजारी येऊन बसावे असे त्याला वाटले. मी पावणेसातला केस विंचरू लागले. त्र्याहत्तराव्या वर्षी, कांदा परतण्यापूर्वी, आरशासमोर उभी राहून.

सोमवारी, मंगळवारी आणि शुक्रवारी यजमान असत. बुधवारी त्यांची मित्रमंडळी जमत, त्या दिवशी मुलगा लवकर घरी येई आणि स्वयंपाकघरातच पाणी पीत, फोन पाहत रेंगाळे. गुरुवारी सूनबाई येई. तिला माझ्या हाताखाली शिकायचे होते म्हणे. मला बरे वाटले. मी तिला किटलीची युक्ती शिकवली.

त्या मंगळवारी, पोचा उजवीकडे दिसल्यावर, पाच मिनिटे मी शेगडीसमोर उभी राहिले आणि सगळे वार माझ्यापुढे ओळीने उभे राहिले. एकोणीस वर्षे मी ड्यूटीचे तक्ते आखले. हा तक्ता पाच आठवडे माझ्या नाकासमोर लागलेला होता. सात ते आठ, एकही दिवस रिकामा नाही. खुर्चीत बसलेला माणूस सोबतीला आलेला नव्हता. तो पहाऱ्यावर होता.

मी जेवण वाढले. जेवताना बोलायचे नाही, असे ठरवले होते. रिकाम्या पोटी माणसे खोटे अधिक बोलतात. अंडी बरोबर झाली होती, बलक मऊ. सगळ्यांचे संपल्यावर मी पातेले घासले, कोरडे केले आणि टेबलाच्या मधोमध ठेवले, दांडी माझ्याकडे करून.

"हा पोचा कोणी पाडला?"

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने बापाकडे.

"तूच की," मुलगा म्हणाला. "इतकी वर्षं आपटतेस."

"मी डाव्या हाताने आपटते."

यजमानांनी पातेल्याकडे पाहिले. मग त्यांचा उजवा हात आपसूक वर आला, पळी धरल्यासारखा, काठापर्यंत गेला आणि तिथेच हवेत थांबला. त्या क्षणी त्यांना कळले. इतका कुशल कारागीर. मनगटी घड्याळाचा केसाएवढा भाग चिमट्याने बसवणारा. आणि मी कोणत्या हाताने त्यांना जेवू घालते, ते त्यांच्या हाताला ठाऊक नव्हते.

मग सगळे बाहेर आले, तिघांच्या तोंडून, तुकड्यातुकड्याने. त्या गुरुवारी मी शेगडी बंद केली होती, पण किटलीची. पातेल्याखालची तशीच चालू राहिली. भाताचा कोळसा झाला, शेजारचे फडके पेटले, भिंत छतापर्यंत काळी झाली. मुलगा आला तेव्हा हातभर ज्वाळा होत्या. त्याने ओल्या चादरीने त्या विझवल्या. मी जिन्यात पचनाची हकिकत ऐकत होते तेव्हा वर हे चालले होते. दुसऱ्या जिन्याने आल्यामुळे त्यांची आणि माझी गाठ पडली नव्हती.

ऐकताना मला सर्वांत आधी काय वाटले असेल? हायसे वाटले. आग लावली म्हणून नव्हे. भात मी केला होता.

"म्हणजे भात केला होता मी?"

"केला होतास," मुलगा खाली मान घालून म्हणाला.

"मग चढवलाच नव्हता असं का सांगितलंत?"

सूनबाई रडू लागली. तुम्ही अचानक दारात आलात, काय सांगावे ते सुचेना, तोंडाला येईल ते बोलून गेले, आणि एकदा बोलल्यावर मागे घेता येईना, असे तिने सांगितले. मला तिचा राग आला नाही. घाबरलेली नवी मुलगी पाकीट गादीखालीच दडवणार. पण उरलेले दोघे नवे नव्हते. एकाला मी जन्म दिला होता आणि एकाबरोबर सगळा जन्म काढला होता.

"तुला फार लागलं असतं," यजमान म्हणाले. "तुझ्या हातून घर पेटलं असतं, हे ऐकून. तुला तर चूक म्हणजे..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिले.

"आणि माझं डोकं निकामी होत चाललंय असं मला पाच आठवडे वाटत राहिलं, ते तुम्हाला चाललं?"

एक विसर झाकण्यासाठी यांनी त्याहून मोठा विसर माझ्या माथी मारला होता, आणि तो मी निमूटपणे वागवत होते. शंभरातून सात, त्र्याण्णवातून सात. त्यांच्यासमोरच मी ओठांत पुटपुटत असे. यजमान खुर्चीतून ते ऐकत असणार.

मुलगा मात्र बोलला. शांतपणे बोलला, म्हणूनच ते मला अजून ऐकू येते.

"तुला सांगणार कोण, आई? माझ्या हातून तुझं तापमापक फुटलं होतं, आठवतं? मी कपाटामागे लपवलं. तू मला काय झालं ते वहीत लिहायला लावलंस आणि पाहुण्यांसमोर उभं करून वाचायला लावलंस. नऊ वर्षांचा होतो मी. या घरात तुझ्यापुढे चूक आणायची हिंमत कोणात नाही, मग ती तुझी का असेना."

मला आठवत होते. बनियन घातलेला, एक पाय दुसऱ्या पायावर घासत उभा असलेला मुलगा आणि कौतुकाने पाहणारे पाहुणे. मी त्याला खरे बोलायला शिकवत होते. त्याला काय शिकायला मिळाले ते मला त्या टेबलावर, छत्तीस वर्षांनी कळले.

"आपल्या लेकीला ठाऊक आहे हे?" मी विचारले.

तिलाही ठाऊक होते. म्हणूनच गेले महिनाभर ती रविवारी फोनवर, आज जेवायला काय केलेस गं आई, असे लाडाने विचारत होती. ती माझी चौकशी नव्हती, परीक्षा होती.

"आणि माझं पातेलं?"

ते भंगारात गेले होते. बूड वितळून वाकडे झाले होते, ठेवून काय उपयोग, असे यजमान म्हणाले. मग स्वतःहूनच त्यांनी पुढचे सांगितले: तसलेच पातेले मिळावे म्हणून तीन दिवस गावभर किती दुकाने पालथी घातली; एका जुन्या दुकानात वरच्या फळीवर, धुळीत, शेवटचे एक सापडले; त्याचे बूड पेटत्या शेगडीवर धरून काळे केले; आतून वाळूने घासून चरे पाडले; हातोडीला चामडे गुंडाळून, काठाखाली लाकडी ठोकळा धरून, दोनच ठोक्यांत पोचा पाडला. सांगताना क्षणभर त्यांच्या आवाजात कारागिराचा अभिमान आला. मग त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले आणि तो विझला.

वॉर्डात कोणी दगावले तर, नातेवाईक कितीही दुरून येवोत आणि डॉक्टर कितीही घाई करोत, त्यांना शेवटचे तोंड पाहू दिल्याशिवाय मी चादर ओढू दिली नाही. "एकोणचाळीस वर्षं वापरलेलं भांडं," मी म्हटले, "त्याचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीत."

एवढे बोलून मी उठले. टेबल त्यांनी आवरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक कोरी वही घेतली आणि समास आखले. पहिल्या पानावर त्या गुरुवारची तारीख घातली आणि लिहिले: सायंकाळी सातच्या सुमारास किटलीखालची शेगडी बंद केली, पातेल्याखालची चालू राहिली, पडताळणी न करता घर सोडले, आग लागली, इजा कोणालाही नाही. खाली सही केली. वहीला दोरी ओवून ती शेगडीशेजारच्या खिळ्याला अडकवली. दुसऱ्या पानावर समास आखला आणि तारीख तीच घातली. पुढे मात्र काही लिहिले नाही. ते पान माझे नव्हते.

वॉर्डात ज्याच्या हातून अशी चूक होई त्याला, पुन्हा पारखून घेईपर्यंत, मी औषधाच्या गाडीला हात लावू देत नसे. तो नियम मी स्वतःला लावला. संध्याकाळचा स्वयंपाक यजमानांनी करावा, असे मी न्याहारीला सांगितले. कांदा सकाळी चिरून मिळेल, तांदूळ मोजून आणि धुऊन मिळतील, पुढचे मी तोंडाने सांगेन. मला भातही येत नाही, असे ते म्हणाले. बावीस मिनिटांचे काम आहे, येईल, असे मी म्हणाले. ज्याला पाच आठवडे सलग खोटे सांभाळता आले त्याला मटारभात जड नाही, हे मात्र मी मनातच ठेवले.

आता तीन आठवडे झाले आहेत. त्या खुर्चीत मी बसत नाही. दारात उभी राहते आणि सांगते: कांदा पारदर्शक होऊ द्या, किटली वाजली, ओता, झाकण, आता दोन्ही बटणे हात लावून पाहा. ते पाहतात. पळी उजव्या हाताने काठावर आपटतात आणि ती पहिल्याच वेळी पोच्यात बसते. पातेले त्यांच्याच हाताचे आहे. माझे ते कधी नव्हतेच.

परवाच्या सोमवारी त्यांनी विचारले, कसे झाले आहे. सूनबाई म्हणाली छान, मुलगा म्हणाला छान. तिघे माझ्याकडे पाहू लागले.

"मीठ दुप्पट पडलंय," मी म्हटले, आणि ताटातले सगळे संपवले.

जेवणानंतर यजमान उठले, वही काढली आणि घड्याळजीच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांत बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. ते झोपायच्या खोलीत गेल्यावर मी वही उघडली. तिसऱ्या पानावर लिहिले होते: सोमवार, मसूर-तांदूळ, मीठ दोनदा घातले. खाली पूर्ण सही. मागचे दुसरे पान त्यांनी उलटून तसेच सोडले होते. त्यावर माझा आखलेला समास आणि तारीख, एवढेच.

मी वही पुन्हा खिळ्याला लावली.

काल पावणेसातला, सवयीने, मी आरशासमोर उभी राहिले. कंगवा केसांत अर्ध्यापर्यंत गेला होता. आतून किटलीत पाणी भरल्याचा आवाज आला. मी कंगवा काढला, त्यात आलेला एक पांढरा केस ओढून काढला आणि कंगवा फणीपेटीत ठेवून झाकण लावले.